शस्त्रक्रियेपूर्वीची चिठ्ठी : स्नायुशिथिलक औषधे आणि आपले कर्तव्य

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. अम्लपित्तासाठी आमच्याकडे येणाऱ्या एका पन्नाशीच्या भगिनींची पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली. आदल्या दिवशीच्या रक्ततपासणीत पोटॅशियमचे प्रमाण २.८ इतके उतरलेले आढळले. निरोगी माणसात ते साधारण ३.५ ते ५ असते. भूलतज्ज्ञांनी शस्त्रक्रिया आठवडाभर पुढे ढकलली आणि कारणाचा शोध सुरू केला. रक्तदाबासाठी चालू असलेली मूत्रल गोळी कागदपत्रांत नोंदलेली होती. नोंदलेले नव्हते ते आमचे ज्येष्ठमध. आम्ही ते सहा आठवड्यांसाठी दिले होते. बाईंना बरे वाटले म्हणून त्यांनी दुकानातून चूर्ण आणून ते पाच महिने, दिवसातून तीन वेळा, चालूच ठेवले होते. ‘आयुर्वेदिक औषध काय सांगायचे’ म्हणून त्या बोलल्या नाहीत, रुग्णालयात कोणी विचारले नाही आणि आम्ही काही लिहून दिले नव्हते. पहिल्या दोघांस दोष देणे सोपे होते. परंतु भूलतज्ज्ञांचा दूरध्वनी आला तेव्हा किती मात्रेत आणि कधीपासून, या साध्या प्रश्नांचे नेमके उत्तर आमच्याकडेही नव्हते, हेच आम्हांस अधिक बोचले.

पोटॅशियम थोडे उतरले म्हणून ठरलेली शस्त्रक्रिया का थांबवावी, असा प्रश्न रुग्णाच्या नातेवाइकांनी आम्हांस विचारला. त्याचे उत्तर ज्या औषधांत आहे, त्यांचा विचार आपल्या वैद्यवर्गात क्वचितच होतो. ती औषधे म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी शिरेतून दिली जाणारी स्नायुशिथिलके. ही औषधे आपण देत नाही आणि देऊही नयेत. तथापि आपण दिलेली औषधे घेऊनच रुग्ण त्या टेबलावर जातो. म्हणून त्यांची क्रिया आपणास ठाऊक असली पाहिजे, असे आमचे आग्रहाचे मत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. कंबरदुखी किंवा मानदुखीसाठी दुकानातून जी ‘मसल रिलॅक्संट’ गोळी मागितली जाते ती ही नव्हे. त्या गोळ्या मुख्यतः मेंदू व मज्जारज्जूच्या पातळीवर काम करतात आणि स्नायूंचा ताठरपणा थोडा सैल करतात. त्यांपैकी थायोकोल्चिकोसाइड हे औषध ज्या घटकापासून बनते, तो आपल्या उपविषांत गणल्या गेलेल्या लांगलीच्या, म्हणजेच कळलावीच्या बियांतून मिळतो. शस्त्रक्रियागृहातील शिथिलके याहून सर्वस्वी निराळी. ती स्नायू सैल करीत नाहीत, तर काही काळ पूर्णपणे लुळे पाडतात. हात, पाय, पोट, मान यांबरोबर श्वासपटलही थांबते. रुग्णाचा श्वास त्या क्षणापासून भूलतज्ज्ञाच्या हाती असतो.

क्रियेचे स्थान एकच आहे. चेतातंतू जेथे स्नायूला भेटतो तेथे असिटिलकोलिन हे द्रव्य स्रवते, स्नायूवरील ग्राहकांस चिकटते आणि स्नायू आकुंचन पावतो. काम झाले की कोलिनेस्टरेज हे विकर त्याचे विघटन करते. शिथिलके या संधीत दोन रीतींनी अडथळा आणतात. रोक्युरोनियम, व्हेक्युरोनियम, अट्राक्युरियम, सिसअट्राक्युरियम ही औषधे ग्राहकाची जागा अडवून बसतात. कुलपात चुकीची किल्ली अडकावी तसे. सक्सामेथोनियमची तऱ्हा वेगळी. त्याचा रेणू म्हणजे असिटिलकोलिनचे दोन रेणू एकमेकांस जोडलेले. ते ग्राहकास प्रथम उत्तेजित करते, अंगभर बारीक स्फुरण उठते आणि मग ग्राहक उत्तेजित अवस्थेतच अडकून स्नायू लुळा पडतो. साधारण एका मिनिटात परिणाम होतो आणि पाच-दहा मिनिटांत तो उतरतो. म्हणून पोट भरलेल्या रुग्णात श्वासनलिकेत तातडीने नळी घालण्यासाठी ते आजही वापरले जाते.

या औषधांचा उगम पाहिला तर आपल्या वाचकांस आश्चर्य वाटेल. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन व ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यांतील आदिवासी वेलींच्या सालींचा दाट अर्क बाणांच्या टोकांस लावीत. तोच ‘क्युरारे’. त्याने मारलेली शिकार ते निर्धास्तपणे खात, कारण हे विष पोटातून फारसे शोषले जात नाही. १८१४ साली लंडन येथे चार्ल्स वॉटर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका गाढविणीस हे विष टोचले. ती निपचित पडल्यावर श्वासनलिकेस छेद देऊन भात्याने हवा भरत राहिले. काही तासांनी ती उठून उभी राहिली आणि पुढे अनेक वर्षे जगली. विष हृदयास मारीत नाही, केवळ श्वास थांबविते. श्वास बाहेरून चालू ठेवला तर प्राण वाचतो, हा धडा तेथे मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्लोद बर्नार यांनी बेडकांवरील प्रयोगांतून अडथळ्याची जागा चेता आणि स्नायू यांच्या संधीत असल्याचे दाखविले. १९३५ साली हॅरॉल्ड किंग यांनी त्यातील ट्यूबोक्युरारिन हा शुद्ध घटक वेगळा केला. २३ जानेवारी १९४२ रोजी कॅनडातील माँट्रिऑल येथे हॅरॉल्ड ग्रिफिथ व इनिड जॉन्सन यांनी आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेत क्युरारेचा शुद्ध केलेला अर्क वापरला आणि भूलशास्त्राचे रूप पालटले. ते रुग्णालय त्या काळी होमिओपॅथिक रुग्णालय म्हणून ओळखले जात असे, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

आपल्या द्रव्यगुणाशी या इतिहासाचे धागे जुळतात. क्युरारेच्या एका प्रकारात स्ट्रिक्नॉस कुलातील वेली असत. त्याच कुलातील वृक्ष म्हणजे आपला कुपीलू, अर्थात कुचला. कूळ एक, परंतु क्रिया उलट. अमेरिकेतील वेल स्नायू लुळे पाडते, तर कुचल्यातील स्ट्रिक्निन मज्जारज्जूतील संयमन काढून घेऊन आक्षेप आणते. कुचल्याच्या तीव्र विषबाधेत आक्षेप आवरेनासे झाले की रुग्णास व्हेंटिलेटरवर ठेवून हीच शिथिलके द्यावी लागतात. दुसरा धागा पाठ्याचा. ट्यूबोक्युरारिन देणारी वेल आणि आपली पाठा, म्हणजे पहाडवेल, ही दोन्ही गुडूचीच्याच वानस्पतिक कुटुंबातील. गेल्या शतकाच्या मध्यास भारतीय संशोधकांनी पाठामुळातून हायाटिन हा घटक वेगळा करून त्यापासून क्युरारेसारखी क्रिया करणारे संयुग बनविले होते. पुढे चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात प्रा. हरकिशन सिंग यांच्या गटाने चंदोनियम हे भारतीय शिथिलक तयार केले. हृदयाची गती वाढविण्याच्या दोषामुळे ते मागे पडले. पाठा पोटात घेतल्याने कोणी लुळे पडत नाही, हे वेगळे सांगावयास नको. परंतु ‘वनस्पतीचे आहे, त्याचा काय परिणाम होणार’ हे वाक्य निदान शस्त्रक्रियागृहाच्या संदर्भात तरी आपल्या तोंडी शोभत नाही. त्या खोलीतील शिथिलकाचा पूर्वज वनस्पती आहे. ते उतरविणाऱ्या निओस्टिग्मिनचा पूर्वज आफ्रिकेतील कॅलाबार शेंगेच्या बियांत आहे. निओस्टिग्मिनने हृदयाची गती मंदावू नये म्हणून जे ॲट्रोपिन किंवा ग्लायकोपायरोलेट जोडीला देतात, त्यांपैकी ॲट्रोपिन हे आपल्या धत्तूराच्याच कुटुंबातील बेलाडोनातून प्रथम मिळाले. युक्तीने योजिलेले विषही औषध होते आणि अयुक्तीने दिलेले औषधही विष होते, हा आपल्या आचार्यांचा सिद्धान्त येथे अक्षरशः खरा ठरतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या चिकित्सेतील कोणत्या गोष्टी भूलतज्ज्ञास कळल्याच पाहिजेत?

पहिली गोष्ट पोटॅशियमची. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिनमुळे मूत्रपिंडातील एका विकराचे काम अडते, शरीरातील कॉर्टिसॉल तेथे अल्डोस्टेरोनप्रमाणे वागू लागते, क्षार व पाणी साठते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम मूत्रावाटे जाते. अल्प काळ व योग्य मात्रेत दिलेल्या ज्येष्ठमधाने सहसा असे होत नाही. महिनोन्‌महिने घेतल्याने आणि त्यातही मूत्रल गोळीची जोड मिळाल्याने होते. सोनामुखीसारखी सारक द्रव्ये असलेली चूर्णे वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचे तेच होते. नुकतेच विरेचन झालेल्या रुग्णातही हा विचार करावयास हवा. पोटॅशियम उतरलेले असता जागा अडवून बसणाऱ्या शिथिलकांचा परिणाम अधिक गाढ होतो, निओस्टिग्मिनने तो नीट उतरत नाही आणि हृदयाची लय बिघडण्याचा धोकाही असतोच. आमच्या रुग्ण भगिनींची शस्त्रक्रिया का थांबली, त्याचे हे उत्तर.

दुसरी गोष्ट कोलिनेस्टरेजची. सक्सामेथोनियमचे विघटन रक्तातील कोलिनेस्टरेज करते आणि हे विकर यकृतात तयार होते. ब्राह्मी, अश्वगंधा व शंखपुष्पी यांच्या अर्कांत कोलिनेस्टरेजला आवर घालण्याची क्रिया प्रयोगशाळेत दिसून आली आहे. नेहमीच्या मात्रेत या औषधांनी माणसातील शिथिलकाचा परिणाम बदलतो, असे त्यावरून सिद्ध होत नाही आणि तसा दावा कोणी करू नये. परंतु सिद्ध झालेले नाही म्हणून सांगावयाचेच नाही, हेही बरोबर नव्हे. माहिती द्यावी, तिचे वजन भूलतज्ज्ञ ठरवील. शेतकरी रुग्णांच्या बाबतीत मात्र संदेहास जागा नाही. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके या विकरास निकामी करतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी दगावले, ते आपण विसरलेलो नाही. ज्याने आठवड्यापूर्वी फवारणी केली आहे त्याची तातडीची शस्त्रक्रिया निघाली, तर ही बाब गावातील वैद्यास ठाऊक असते, शहरातील भूलतज्ज्ञास नसते.

तिसरी गोष्ट कुलवृत्ताची. काही व्यक्तींत हे विकर जन्मतःच निष्प्रभ असते. एरवी त्यांना आयुष्यभर कसलाही त्रास जाणवत नाही. परंतु सक्सामेथोनियम दिल्यावर पाच-दहा मिनिटांचा परिणाम काही तास टिकतो आणि तोवर त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते. दक्षिण भारतातील आर्य वैश्य समाजात ही आनुवंशिक स्थिती तुलनेने अधिक आढळते, असे संशोधनातून दिसले आहे, आणि या समाजाची अनेक कुटुंबे मराठवाडा व विदर्भातही आहेत. रक्तगटासारखे हे एक वैशिष्ट्य आहे, त्यात उणेपणा काही नाही. मात्र ‘घरात कोणाला ऑपरेशननंतर श्वास यायला फार वेळ लागला होता काय’ हा एक प्रश्न विचारला तर संकट टळू शकते. भुलीत अचानक तीव्र ज्वर येऊन कोणी दगावले असेल, तर तेही सांगितले पाहिजे. सक्सामेथोनियम व काही वायुरूप भुलीची औषधे ज्यांना प्राणघातक ठरतात अशी आनुवंशिक प्रकृती असते. तीन पिढ्यांची नाडी पाहिलेल्या वैद्याएवढे हे वृत्त कोणास ठाऊक असणार?

चौथी गोष्ट पक्षाघात व दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्या रुग्णांची. असे रुग्ण बस्ती, अभ्यंग, स्वेदन यांसाठी आपल्याकडे मोठ्या संख्येने येतात. पक्षाघात, मज्जारज्जूची इजा, मोठे भाजणे किंवा दीर्घ निश्चलता यांनंतर स्नायूवर ग्राहकांची संख्या बेसुमार वाढते. अशा रुग्णास सक्सामेथोनियम दिले तर स्नायूंतून पोटॅशियम एकदम रक्तात उतरते आणि हृदय बंद पडू शकते. येथे धोका पोटॅशियम वाढण्याचा आहे, पहिल्या प्रसंगाच्या नेमका उलट. रुग्ण हिंडूफिरू लागला म्हणजे नातेवाईक जुना आजार सांगण्याचे विसरतात. आपल्या नोंदवहीत तो असतो.

पाचवी गोष्ट कल्पांतील उग्र द्रव्यांची. अग्नितुंडी वटीत व विषतिंदुक वटीत कुचला असतो, कनकासवात धत्तूर असतो. शुद्ध करून, मात्रेत दिलेली ही औषधे आपण विश्वासाने वापरतो. परंतु धत्तूराने हृदयाची गती आधीच वाढलेली असेल आणि शेवटी ॲट्रोपिनही द्यावयाचे असेल, तर भूलतज्ज्ञास ते ठाऊक असणे अगत्याचे आहे. औषधी व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘ई-एक’ अनुसूचीत ही विषद्रव्ये नोंदलेली आहेत आणि त्यांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना बंधनकारक आहे. वेष्टन फाडून फेकले जाते. लिहून दिलेली चिठ्ठी राहते.

येथे एक आक्षेप येईल. आजची शिथिलके पूर्वीपेक्षा सुरक्षित झाली आहेत, मग एवढी धास्ती कशाला? ती सुरक्षित झाली आहेत हे खरेच. स्कॉटलंडमधील स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात घडविलेले अट्राक्युरियम मुख्यत्वे शरीराच्या तापमानास व रक्ताच्या सामान्य क्षारतेस आपोआप विघटित होते. यकृत किंवा मूत्रपिंड निकामी असले तरी ते साठून राहत नाही. रोक्युरोनियम व व्हेक्युरोनियम यांच्या रेणूस कवेत घेऊन निष्प्रभ करणारे सुगामाडेक्स युरोपात २००८ साली मान्य झाले, अमेरिकेत २०१५ साली. मनगटाजवळील चेतेस चार लहान विद्युत्स्पंदने देऊन शिथिलता किती उतरली, हे मोजताही येते. चौथ्या स्पंदनाची ताकद पहिल्याच्या नऊ-दशांशापर्यंत आल्याखेरीज नळी काढू नये, असा दंडक आहे. परंतु ही सर्व साधने प्रत्येक लहान गावातील प्रत्येक रुग्णालयात असतातच असे नाही. शिवाय साधन कितीही उत्तम असले तरी न सांगितलेल्या गोष्टीचे ज्ञान ते देऊ शकत नाही.

साधनापेक्षा हात महत्त्वाचा, हेही इतिहासच सांगतो. १९५४ साली बीचर व टॉड यांनी अमेरिकेतील दहा विद्यापीठीय रुग्णालयांतील सुमारे सहा लाख रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. शिथिलक न दिलेल्या रुग्णांत भुलीमुळे होणारे मृत्यू सुमारे २,१०० मध्ये एक, तर शिथिलक दिलेल्यांत ३७० मध्ये एक होते. त्यांनी दोष औषधाच्या विषारीपणास दिला. पुढील विचारान्ती अनेकांचे मत असे झाले की, श्वास पुरेसा चालू न ठेवणे आणि शस्त्रक्रियेनंतर शिथिलता पूर्ण न उतरविणे, हे खरे कारण असावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शिथिलकाने वेदना जात नाही, शुद्धही जात नाही. १९४७ साली स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञाने स्वतःवर ट्यूबोक्युरारिनचा प्रयोग करून घेतला. संपूर्ण लुळेपणातही त्यांस सर्व ऐकू येत होते, सर्व समजत होते, आणि नंतर सर्व आठवत होते. म्हणजे भूल अपुरी आणि शिथिलक पुरेसे असेल, तर रुग्ण जागा असूनही हूं की चूं करू शकत नाही. सुश्रुताचार्यांनी शस्त्रकर्मापूर्वी मद्यपान योजिले ते वेदना सह्य व्हावी म्हणून. रुग्णाचे कण्हणे, हालणे हीच तेव्हा वैद्याची खूण होती. शिथिलक ती खूणच पुसून टाकते.

याच कारणास्तव आणखी एका विषयावर स्पष्ट बोलणे आम्हांस आवश्यक वाटते. नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने शल्य व शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर वैद्यांसाठी ५८ शस्त्रकर्मांची अधिसूचना काढली. त्यावर देशभर वाद झाला आणि डिसेंबरमध्ये ॲलोपॅथिक डॉक्टरांच्या संघटनेने बंदही पाळला. आपल्या शल्यतज्ज्ञांच्या अधिकाराविषयी आमच्या मनात किंतु नाही. परंतु शस्त्र चालविण्याचा अधिकार म्हणजे श्वास सांभाळण्याची सिद्धता नव्हे. श्वासनलिकेत नळी घालण्याचे, प्राणवायू देत राहण्याचे आणि शिथिलता उतरली की नाही हे पारखण्याचे रीतसर शिक्षण ज्याने घेतले आहे, त्याच्याखेरीज कोणीही ही कुपी उघडू नये. ‘एकच इंजेक्शन आहे, मी सांगतो तसे दे’ असे कोणी म्हटले, तर वैद्याने नम्रपणे नकार द्यावा. असा नकार देण्यात आयुर्वेदाचा कमीपणा नाही.

औषध दुकानदार बंधूंनाही दोन शब्द. ज्यांच्याकडे आयुर्वेदिक औषधांबरोबर ॲलोपॅथिक औषधांचाही परवाना आहे आणि जे लहान रुग्णालयांस पुरवठा करतात, त्यांनी सक्सामेथोनियम, रोक्युरोनियम व अट्राक्युरियम यांच्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्यात. वीज गेलेल्या रात्रीनंतर तो माल डोळे झाकून पाठवू नये. अन्य इंजेक्शनांशेजारी त्या ठेवू नयेत. कुप्या दिसावयास सारख्या असतात आणि शिथिलकाच्या चुकीस दुरुस्तीसाठी मिनिटेच मिळतात. काउंटरवरील कामाविषयी आमची विनंती अधिक साधी आहे. एखादे ग्राहक ज्येष्ठमध, सारक चूर्ण किंवा रसकल्प महिन्यामागून महिना नेत असेल, तर ‘हे कोणत्या वैद्यांनी, किती दिवस सांगितले आहे?’ असे विचारावे. ‘ऑपरेशन ठरले असेल तर हे डॉक्टरांना सांगा’ एवढे वाक्य बोलावयास पैसे पडत नाहीत. आमच्या रुग्ण भगिनींना ते वाक्य कोणी ऐकविले असते, तर त्यांचा एक आठवडा व मनस्ताप वाचला असता.

आता चिठ्ठीविषयी. त्या प्रसंगानंतर आम्ही आमच्या औषधालयात एक छापील कागद ठेवला आहे. शस्त्रक्रिया ठरलेल्या प्रत्येक रुग्णास तो भरून देतो. कल्पाचे नाव आणि त्यातील प्रमुख घटक, कारण ‘अमुक वटी’ एवढ्याने भूलतज्ज्ञास काही बोध होत नाही. वनस्पतीचे लॅटिन नावही लिहितो. मात्रा, कधीपासून चालू आहे, शेवटची मात्रा केव्हा घेतली. रसौषधी असल्यास तिचा स्पष्ट उल्लेख. गेल्या महिन्यात वमन, विरेचन किंवा बस्ती झाले असल्यास दिनांक. पक्षाघात, भाजणे, दीर्घ आजारपण, फवारणीचा संपर्क. घरात कोणास भुलीचा त्रास झाला होता काय. शेवटी आमची स्वाक्षरी व दूरध्वनी क्रमांक. हे सर्व लिहावयास दहा मिनिटेही लागत नाहीत. औषध केव्हा थांबवावयाचे, हे आम्ही परस्पर ठरवीत नाही. भूलतज्ज्ञाशी बोलून ठरवितो. मात्र शस्त्रक्रियेचा विचार चालू झाल्याबरोबर, दोन-तीन आठवडे आधी, ही चिठ्ठी हाती पडावी असा आमचा प्रयत्न असतो, कारण आदल्या रात्री मिळालेल्या माहितीने शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याखेरीज दुसरे काही साधत नाही.

काही सहकारी म्हणतात, ‘चिठ्ठी पाहून ते हसतील, आपल्याच औषधावर खापर फोडतील.’ असे कधी होतही असेल. आमचा अनुभव मात्र निराळा आहे. पहिली चिठ्ठी वाचून एका भूलतज्ज्ञांनी आम्हांस दूरध्वनी केला तो एका घटकाचे नाव समजले नाही म्हणून, आणि त्यानंतर तेच आपल्या रुग्णांना ‘वैद्यांची चिठ्ठी आणा’ असे सांगू लागले. औषधाचे नाव लपविल्याने त्याची अब्रू राखली जात नाही. ज्याला आपल्या औषधाच्या सामर्थ्यावर विश्वास आहे, त्याने त्या सामर्थ्याची दुसरी बाजूही लिहून देण्यास कचरू नये. आमचे औषध रोग बरा करण्याइतके प्रभावी आहे, परंतु भुलीत त्याचा काहीच प्रभाव पडणार नाही, ही दोन्ही विधाने एकाच तोंडाने करता येत नाहीत.

सर्व सभासदांस आमची सूचना अशी की, संघटनेच्या पुढील सभेत या चिठ्ठीचा एक नमुना ठरवावा, तो स्थानिक भूलतज्ज्ञांस दाखवून त्यांच्या सूचना घ्याव्यात, आणि प्रत्येक औषधालयात व दुकानात त्याच्या प्रती ठेवाव्यात. खर्च कागदाचा व शाईचा. शिथिलक दिल्यानंतर रुग्णास बोलता येत नाही. त्याच्या वतीने जे बोलावयाचे ते आधीच लिहून ठेवणे हे त्याला ओळखणाऱ्या वैद्याचे काम आहे. आमच्याकडून ते एकदा राहिले. आपल्यापैकी कोणाकडून पुन्हा राहू नये, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.